कलेक्टरच्या पिसवा आणि तुमची वाकळ

अहो, ऐकायलात का? तुम्ही गेलात, पण कलेक्टरच्या पिसवा काही तुमच्यासंगं गेल्या नाहीत.

रडावं म्हणून बसले की पोटरीला चावायच्या. डोळ्याला पदर लावावा का पाय खाजवावा, तेच कळेना. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडायच्या आणि रडता रडता घोटा खाजवायच्या. परवा तुमच्या अडत्याची बायको आली. "लई देवमाणूस होता हो," म्हणाली आणि त्याच दमात "अगं आई गं!" करून उठली, साडी झटकायला लागली. मला हसू आलं. नवरा जाऊन आठवडा व्हायचाय आणि बाई दात काढायली, असं एव्हाना उदगीरभर झालं असंल. होऊ दे. तुम्ही असता तर तुम्हीपण हसला असता, तोंडाला उपरणं लावून.

शिवा म्हणाला, "आई, पेपरात द्यायला अप्पांवर चार ओळी सांग." काय सांगू त्याला? मनमिळाऊ होते, धार्मिक होते? मनमिळाऊ माणसाशी मी सगळा जन्म भांडले का मग? त्याला म्हणलं, तुला लिहायचं ते लिही बाबा. मला तुमच्याशीच बोलायचंय. आपलं निम्मं भांडण राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. ही काय रीत झाली?

कुत्रं आणा असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं? उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून त्या दिवशी मोंढा बंद होता. सगळी दुकानदार मंडळी मोर्चाला गेली, तुम्हीपण टोपी घालून गेलात. आलात ते काखेत पोतं धरून. मला वाटलं, एवढ्या बंदमधी पण बारदान्याचं गिऱ्हाईक गाठलं का काय यांनी. तर पोत्यातून काळं ओलं नाक बाहेर आलं. मी म्हणलं, "हे कसलं ध्यान?" तुम्ही म्हणालात, "जिल्हा व्हायचा तवा होईल. कलेक्टर तर आला!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकं हसलात की ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं.

तेच नाव पडलं. मोंढ्यातली माणसं मुद्दाम विचारायची, "कलेक्टरसाहेब कुठं दौऱ्यावर गेले?" तुम्ही गंभीर तोंड करून सांगायचा, "हाडूक शोधायलेत, येतील." आपल्या घरी बिचाऱ्याला भाकरी-ताकाशिवाय दुसरं मिळणार काय!

पिसवा झाल्या त्या ह्या दुष्काळात. पाऊस नाही तर माल नाही, माल नाही तर पोती कोण घेणार? दुकानात बारदान्याच्या थप्प्या आढ्याला लागल्या आणि तुम्ही दिवसभर त्यांना टेकून बसायला लागलात. खाली मी शिवलेली वाकळ. तुमच्याच जुन्या धोतरांची, मधी माझ्या दोन साड्या. त्या वाकळंवर निम्म्यात तुम्ही, निम्म्यात तो. घरी येताना वाकळ काखेत, कुत्रं मागं. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की ह्या पिसवा बारदान्यातल्या आहेत. तुम्ही म्हणायचा, "माझ्या बारदान्यात पिसू न्हाई. दाभण घेऊन एकेक पोतं मी हातानं शिवतो, मला दिसली नसती का?" मग आल्या कुठून? तर म्हणे गल्लीतून. म्हणे तुझ्या मैतरणी दारात येऊन बसतात, त्यांच्या साडीतून.

माझ्या मैतरणींच्या साडीतून! त्याचा राग अजून गेलेला नाही माझा, सांगून ठेवते.

काय काय केलं आपण. कडुलिंबाचा पाला वाटून चोळला. कापूर ठेवला. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही राकेल लावलं, तर त्याची कातडी भाजली आणि तुम्हीच त्याच्यापाशी बसून फुंकर घालायलात. एकदा तर लिंगपूजा झाल्यावर हाताला राहिलेलं भस्म त्याच्या पाठीला फासलंत. नेमक्या शांताक्का आल्या होत्या. "तम्मा, कुत्र्याला भस्म? नरकात जाशील!" तुमची मोठी बहीण ती, साठी उलटली तरी तुम्हाला कानडीत तम्माच म्हणायची, धाकटा भाऊ. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अक्का, भस्म लावून माणसाची पापं जातात म्हणं. पिसवा जातात का बगतो." अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत आपल्याकडं. पिसवा मात्र जेवत होत्या.

खरी मारामारी पाण्याची. जो तो म्हणायचा कुत्र्याला धुवा, आणि नळाला पाणी शेवटचं कधी आलं तेच आठवत नव्हतं. तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी आणायलेत, इकडं आपण टँकरच्या शिट्टीवर कान ठेवून. सगळं गाव घमेल्यात बसून आंघोळ करायचं आणि तेच पाणी संडासाला वापरायचं. तुम्हाला आंघोळीशिवाय लिंगपूजा चालायची नाही. पण तुम्ही तांब्याभर पाण्यात आटपायचा, आणि घमेल्यातलं जपून उचलून कलेक्टरला घालायला न्यायचा. मी ओरडायची, "संडासात काय माझं नशीब ओतू?" तुम्ही म्हणायचा, "अगं त्याला सांगता येत न्हाई खाजतंय म्हणून. तुला येतं." एवढंच. आवाज कधी चढवला नाही तुम्ही, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

खरं सांगू? सगळा जन्म मला बोलू दिलंत. ह्या गल्लीत कोणत्या बाईला मिळतं हो ते? मी तोंड सोडायची आणि तुम्ही तपकीर ओढत ऐकायचा. मान हलवायचा. आता मी बोलते तर समोर तुमचा फोटो, आणि फोटोला हार. मान कोण हलवणार?

गेलात तेपण असं गपचूप. जेवणाचा डबा घेऊन दुकानात आले तर तुम्ही थप्पीला टेकून बसलेले, आणि कलेक्टर तुमच्या मांडीवर डोकं ठेवून. मला वाटलं, डुलकी लागली. मी भांडायला सुरुवात पण केली होती, की भाकरी गार व्हायली म्हणून. पुढचं मला बोलवत नाही.

आपल्यातल्या रीतीनं तुम्हाला बसवूनच नेलं. भस्म लावलं, गळ्यात लिंग, बेलपत्री. समाधीत पण मांडी घालून, दुकानात बसावं तसे. कलेक्टर मागं आला होता. सगळे हाड हाड करत होते. तो लांब एका बाभळीखाली बसला आणि खाजवत राहिला.

घरी आल्यावर शांताक्कांनी तुमची वाकळ उचलली. म्हणाल्या, "मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, वेशीबाहेर टाकायला सांग." मी हिसकून घेतली. म्हणलं, "अक्का, आपल्यात सुतक पाळतात का? आपल्यात विटाळ न्हाई. लिंगवंताच्या घरी मरणाचा विटाळ न्हाई, हे तुम्हीच मला लग्नात शिकवलं. मग त्यांच्या वाकळेला कुठला विटाळ आला?" जमलेली माणसं म्हणाली, बाईचं खरं हाय, आपल्यात सुतक नसतं. मी जिंकले. वाकळ देवळीखालच्या कोपऱ्यात टाकली आणि तिच्यावर बसले. तुमचा वास होता तिला. तागाचा, तपकिरीचा, घामाचा. कलेक्टर आला आणि माझ्या शेजारी अंग टाकलं. आम्ही दोघं तिथंच. मी नाक खुपसून, तो पण नाक खुपसून. तुमच्या माघारी ह्या घरात तुम्हाला शोधणारे आम्ही दोघंच होतो, बाकी सगळे समाधी कशी बांधायची त्याच्यावर बोलत होते.

आणि पिसवा वाढतच गेल्या. तिसऱ्या दिवशी स्वामी आले. मंत्र म्हणता म्हणता त्यांचा डावा पाय उचलायला लागला, मग उजवा. डोळे मिटलेले आणि पाय नाचायलेत. शिवा लाजेनं काळाठिक्कर पडला. सूनबाईंनी नातवाचा सदरा वर करून दाखवला, लेकराची पाठ सगळी लाल ठिपक्यांची. आता ह्याच्यावर मी काय बोलणार? लेकराच्या पाठीवर बोलता येत नाही.

शिवा म्हणाला, "आई, शिवगणाराधनेच्या आधी कुत्रं घराबाहेर. देगलूर रोडला सोडून येतो." तुमच्या नावानं होणाऱ्या शिवगणाराधनेला सगळा समाज जेवायला येणार, स्वामींची पाद्यपूजा होणार, पिसवांच्या घरात कोण पंगतीला बसंल? त्याचं चूक नव्हतं. अक्कांचं चूक नव्हतं. पण तुम्हीच सांगा, देगलूर रोडला आहे काय? दोन्ही बाजूला करपलेलं रान. माणसाला घोटभर पाणी मिळंना, ह्याला कोण घालणार? दोन दिवसात मेलं असतं. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून बसलेलं शेवटचं जित्राब ते, आणि मी त्याला टेम्पोत घालून देऊ?

मी म्हणलं, "मला चार दिवस दे." आणि मग मी जी लागले! वाकळ गच्चीवर उन्हात टाकली, स्वतः तिच्यापाशी बसले, डोकं तापून चक्कर आली. वरून वाकळ तव्यासारखी तापायची, पण संध्याकाळी घडी उलगडली की आत पिसवा टणाटण. कलेक्टरला फणीनं विंचरलं. एकेक पिसू नखावर मारली. मारता मारता रडले, शिव्या दिल्या. पिसवांना दिल्या, तुम्हाला दिल्या, त्या न झालेल्या जिल्ह्याला दिल्या. असं वाटायचं, ह्या पिसवा संपल्या तर सगळं नीट होईल. काय नीट होणार होतं, देव जाणे. तुम्ही उठून येणार होता का? पण वाटायचं तसं.

शेवटी त्याला दोरी लावून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. नवरा गेलेली बाई कुत्रं ओढत रस्त्यानं चाललेली बघून लोक थांबून बघायचे. डॉक्टरांनी त्याच्या मानेवर औषध सोडलं आणि विचारलं, "हा झोपतो कशावर?" मी म्हणलं, "वाकळंवर. ह्यांच्या." डॉक्टर म्हणाले, "बाई, कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. अंडी सगळी अंथरुणात. ते उकळत्या पाण्यात घाला, न्हाईतर जाळून टाका. ते तसंच ठेवून औषध लावणं फिजूल हाय."

मी त्यांच्याशी भांडले. डॉक्टरशी! म्हणलं, दुसरं काहीतरी सांगा. पावडर द्या, फवारा द्या. ते म्हणाले, जाड वाकळंच्या आत फवारा जात न्हाई. मी म्हणलं, "तुम्हाला काय कळतं?" त्यांनी कलेक्टरची दोरी उचलून माझ्या हातात दिली. चांगला माणूस असावा.

घरी आले तर शिवा दुकानातून आलेला. थप्पी हलवली, म्हणाला, आणि गुडघ्यापर्यंत पिसवा उडाल्या. सगळ्या बारदान्यात. फवारणी करून दुकान बंद करून आला होता.

ऐकलं का हो? बारदान्यातच होत्या. माझ्या मैतरणींच्या साडीत नव्हत्या. इतकी वर्षं भांडले, पहिल्यांदा पुराव्यानिशी जिंकले, आणि सांगायला फिरले तर तुम्ही नाही. असलं जिंकणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. तुमचंच खरं करते हवं तर. गल्लीतून आल्या म्हणते, सगळ्यांना सांगते. एकदा दारात येऊन उभे रहा फक्त.

आज दुपारी घरातली सगळी जेवून आडवी झाली. अंगणात उद्याच्या पंगतीचं टिपाड होतं, कसंबसं मिळवलेलं टँकरचं पाणी. उद्या त्यातच स्वैपाक, त्यातच स्वामींचे पाय. कलेक्टर उंबऱ्यात मान टाकून पडला होता. टेम्पोवाल्याला संध्याकाळी यायला सांगितलेलं. म्हणजे वाकळ का कुत्रं, एवढंच राहिलं होतं. मी लई वेळ वाकळंवर नाक ठेवून बसले. मग उठले, चूल पेटवली, मोठा हंडा चढवला आणि टिपाडातलं पाणी ओतायला लागले. तांब्यामागं तांब्या ओतत गेले, थांबले असते तर पुन्हा झालं नसतं माझ्याच्यानं.

पाण्याला उकळी फुटल्यावर वाकळ आत सोडली आणि काठीनं खाली दाबली. वर काळं पाणी आलं, मेलेल्या पिसवा आल्या. आणि मग वाफ आली.

अहो, तुम्ही आलात. त्या वाफेबरोबर सगळं अंगण तुमच्या वासानं भरून गेलं. तुम्ही दुकानातून येऊन सदरा काढायचा तसा वास, अगदी तसाच, अंगावर आल्यासारखा. कलेक्टर ताडकन उठला आणि चुलीभोवती गोल गोल फिरायला लागला, शेपटी हलवायला लागला. मी काठी धरून उभी, डोळ्यात धूर का पाणी कळेना.

तेवढ्यात मागून अक्का. "अगं बये! स्वामींच्या पायाचं पाणी! उद्या सगळा समाज येणार आणि तू चिंध्या धुवायलीस? डोकं फिरलं का तुझं?" मी म्हणलं, "हाव, फिरलं." त्या तरातरा पुढं आल्या, माझ्या हातातली काठी ओढायला. आणि वाफेत आल्यावर थांबल्या. नाक ओढलं. पुन्हा ओढलं.

"तम्माचा वास यायलाय गं," म्हणाल्या.

आणि तिथंच चुलीपाशी बसल्या. माझ्याशी जन्मभर वाकडं चाललेली बाई, माझा पाय धरून रडली. मी पण बसले. आम्ही दोघी जिवाभावानं नसलो तरी नणंदाभावजयीनं तुमची वाफ घेत बसलो, संपेपर्यंत. ती लवकर संपली. मग नुसता ओल्या कापडाचा वास राहिला. अक्का पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "स्वामींचे पाय तांब्याभर पाण्यातबी धुता येतात. मी सांगते त्यांना. टँकर आला तर आला, न्हाईतर पंगतीला घरून पाणी आणा म्हणू." मग शिवाला हाक मारली. "टेम्पोवाल्याला येऊ नको म्हण. कलेक्टर कुठं जायचा न्हाई."

वाकळ वाळली उन्हात, कडक झाली. मी कोपऱ्यात पसरली. नाक लावून बघितलं. ऊन, धूर. तुम्ही नाही. काहीच नाही हो. धोतराचा तुकडा न् तुकडा हुंगला मी, शिवणीच्या आतपर्यंत. मी तुम्हाला कुत्र्यासाठी उकळून टाकलं. शहाणपण केलं का वेडेपण, तुम्हीच सांगा.

कलेक्टर आला. पुष्कळ हुंगलं त्यानं. पंजानं एक कोपरा उकरला, खाली नाक घातलं, आणि उठून गेला. खुंटीवरच्या तुमच्या टोपीखाली जाऊन उभा राहिला. मग दारात. मग देवघराच्या पायरीशी, तुम्ही पूजेला बसायचा तिथं. सगळं घर हुंगत फिरला. मी नुसती बघत बसले. म्हणलं, बघ बाबा, तुला सापडले तर मला सांग.

शेवटी माझ्याकडं आला. माझा हात हुंगला, मनगट हुंगलं, पदर हुंगला. थांबला. आणि डोकं माझ्या मांडीवर ठेवून डोळे मिटले त्यानं. आता झोपलाय. एकदाही खाजवलं नाही.

मी माझाच हात नाकाशी धरून बसलीये कधीची. त्याला आला तो वास मला का येत नाही हो?